खळ्याच्या काठावरच्या चपला

"माझ्या ज्योतीनं एकच हाणली, ताई. एकच!"

मालनबाई बसायलाही तयार नव्हती. हिंगोलीतल्या त्या दीड खणाच्या ऑफिसात ती उभ्यानंच बोलत होती आणि स्वानंदच्या हातातलं भजं हातातच गार झालं.

कालिंदी खासगी गुप्तहेर. स्वानंद तिचा धाकटा भाऊ आणि तिच्या जीपचा ड्रायव्हर. खाण्यात त्याचा हात धरणारं कुणी नव्हतं. अक्कल मात्र जरा मागच्या गाडीनं यायची.

काल दुपारी गोरेगावच्या शिवारात, मालनबाईच्या खळ्यात नरसिंग मेला होता. तो पाठलाग करतो अशी तक्रार ज्योतीनं दिली होती. ती मागं घे म्हणत तो विळा घेऊन आला. ज्योतीनं फावड्याचा दांडा हाणला.

"उद्या कोर्टात नेऊन राहिले तिला. खुनी म्हनून!"

ठाण्यात फौजदार बुद्धभूषण यांनी फोटो पुढे सरकवले. "कपाळावरचा घाव मला मान्य आहे. विळा उगारला होता, पोरीनं जीव वाचवला. पण तो मेला डोक्यामागच्या दुसऱ्या घावानं. हतबल माणसाला मागून मारणं हा बचाव नव्हे, मॅडम."

फोटोत नरसिंग पालथा पडला होता. पायात बूट. डोक्याला रुमाल, चार बोटं रुंद घडी घालून कपाळावर आवळलेला, गाठ मागे.

"शेतात सगळेच रुमाल बांधतात," स्वानंद म्हणाला.

"असा?" कालिंदी एवढंच म्हणाली.

दुसऱ्या फोटोत सोयाबीनच्या राशीपासून लांब, खळ्याच्या काठावर चपलांचे दोन जोड होते. एक ज्योतीचा. दुसरा निळा, शेजारी शेजारी नीट लावलेला.

"निळ्या फुलसिंगच्या," फौजदार म्हणाले. "नरसिंगचा चुलतभाऊ. प्रेत आधी त्यानंच पाहिलं. अनवाणीच बोंबलत गावात पळाला."

कोठडीतल्या ज्योतीचे डोळे सुजले होते, पण आवाज सरळ होता. "मी हाणली, तो गुडघ्यावर बसला. दुसरी घालाया दांडा उचललाच व्हता. पण विळा त्याच्या हातातून सुटून भुसात पडला. मी दांडा टाकला अन् पळाले."

"बाप रे," स्वानंद पुटपुटला. "मी तर चार घातल्या असत्या."

फुलसिंग खळ्याजवळच भेटला. "पोरीचं वरडणं आलं तसा धावलो, बाई. पलीकडंच माझं वावर. काटा बघितला न्हाई का वाट. थेट दादापाशी! दादा गार पडलेला."

शेजारचा म्हातारा लखमा मात्र सावकाश बोलला. "पोरगी पळाली ते बराबर दिसलं मला. परत काही आली न्हाई. मी आख्खी विडी ओढली, तवा फुलसिंग बोंबलत निघाला. भावाचं दुख तर व्हनारच. तसं दोघांचं पटत नव्हतं म्हना. नरसिंग दरसाल ह्याचा बांध कोरून जमीन खायचा."

संध्याकाळी कालिंदीनं सगळ्यांना बांधावर उभं केलं. रास अजून उचलली नव्हती. तिनं स्वतःच्या चपला काठावर काढल्या, एकटीच खळ्यात गेली...

आणि जिवाच्या आकांतानं किंचाळून कोसळली!

"ताई!" स्वानंद बुटांसकट सुसाट सुटला. मागून मालनबाई.

"ओ, बूट! रास हाय तिथं!" लखमा ओरडला. "मालने, तुझ्या बी वहाना!"

कालिंदी कपडे झटकत उठली. "लखमाकाका, राशीपाशी वहाणा घालून कुणी येतं?"

"कुनीच न्हाई."

"मालनबाईंचा जन्म या खळ्यात गेला, तरी धावताना त्या विसरल्या. नरसिंगही मारायला धावला, म्हणून बुटांसकट मेला. मग फुलसिंग, काटा न बघता धावलेल्या माणसानं चपला काढून जोडीनं लावल्या कधी?"

"सवय... सवयीनं निघाल्या!"

"सवयीनंच! म्हणजे तुम्ही धावला नाहीत, चालत आलात. कुणाला घाई नव्हती तेव्हा."

स्वानंद धापा टाकत होता. "पण म्हणून त्यानंच मारलं असं कुठंय?"

"तो रुमाल आठव. कपाळाच्या घावावर पट्टी बांधलीय ती! उन्हासाठी रुमाल अख्ख्या डोक्याला गुंडाळतात, ही घाव बसल्यावर बांधलेली. मागच्या घावानं मेलेला माणूस पट्टी बांधेल?"

"नाही..." स्वानंद म्हणाला.

"म्हणजे नरसिंग आधी शुद्धीवर होता. घडी घातली, गाठ मारली. तोवर ज्योती पळालेली, लखमाकाकांनी पाहिलेली. आणि फुलसिंगला मात्र तो गार सापडला. त्या एका विडीभर वेळात खळ्यात दुसरं कोण होतं?"

फौजदार फुलसिंगच्या मागे जाऊन उभे राहिले.

फुलसिंगनं वळून फौजदारांकडे पाहिलं. "पानी दे म्हनला. माझ्याकडं पाठ करून बसला व्हता. दांडा तिथंच पडलेला. वाटलं, नाव पोरीवरच जाईल."

रात्री ज्योती ठाण्यातून बाहेर आली. मालनबाईनं तिला इतकं घट्ट धरलं की पोरीला श्वास घेता येईना.

मायलेकींना घेऊन जीप गोरेगावकडे निघाली. मग स्वानंदला राहवेना. "ज्योती, एवढा ताप दिला त्यानं तुला. दुसरी काहून नाही घातली?"

तिनं त्याच्याकडे असं पाहिलं, जणू हा काय विचारून राहिला.

"विळा खाली पडला व्हता ना, दादा."