दोन राज्यांचा टॅक्स

बेडोकच्या हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे खाण्याच्या टपऱ्यांच्या मंडईत, टेबलावर टिश्यूचं पाकीट ठेवलं की ते टेबल राखलेलं, हे सिंगापुरात शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. पण रुचिर चहा घेऊन आला, तर त्याच्या टेबलावर एक मुलगी कागदांचा पसारा मांडून बसली होती. त्याच्याच टिश्यूनं खुशाल नाक पुसत होती.

"एक्सक्यूज मी, हे माझं टेबल आहे," तो इंग्रजीत म्हणाला.

"आता हा कुठून उपटला!" ती मराठीत पुटपुटली.

"चांगी बिझनेस पार्कमधून," रुचिरनं मराठीतच सांगितलं.

ती कानापर्यंत लाल झाली... आणि मग दोघंही हसत सुटले.

तिचं नाव अनघा. घर आणि कॉलेज अमेरिकेत, ओहायो राज्यात. एका सेमिस्टरसाठी इथे आलेली, साधनामावशीच्या फ्लॅटवर राहणारी. आदल्या, म्हणजे २००६च्या उन्हाळ्यात तिनं न्यूयॉर्कच्या एका प्रयोगशाळेत काम केलं होतं. आता ओहायोही टॅक्स मागणार आणि न्यूयॉर्कही, या धास्तीनं तिची झोप उडाली होती.

"एकाच पगारावर दोनदा? मी काय दोन मुली आहे?"

रुचिर बँकेत अकाउंटंट. अमेरिकेतल्या पगारांचे कागद रोज त्याच्या हाताखालून जायचे. "काम केलं त्या राज्याचा फॉर्म आधी भरा, बाहेरची रहिवासी म्हणून. तिथे बसलेला टॅक्स घरच्या राज्यात वजा मिळतो. एवढंच."

"एवढंच?" तिनं मान वर करून थेट त्याच्याकडे पाहिलं. बाहेरच्या पावसाचा एक थेंब तिच्या भुवईवर अडकला होता.

"म्हणजे... तसं किचकट असतं," रुचिर चाचरला. "कागद ठेवा माझ्याकडे. गुरुवारी भेटू?"

घरी गेल्यावर अर्ध्या तासात दोन्ही फॉर्म भरून झाले. गुरुवारी मात्र तो म्हणाला, "एक आकडा तपासायचाय." पुढच्या गुरुवारी ओहायोची कसलीशी तळटीप राहिली होती. अनघा दर वेळी गंभीरपणे मान डोलवायची आणि मग आपल्या ताटलीतला अर्धा पराठा त्याच्या ताटलीत सरकवायची. 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं, दोघांनाही कळलं नाही.

एप्रिल उजाडला. सतरा तारखेची मुदत, आणि टपाल पोचायला दहा दिवस! रुचिरला जेवण जाईना. आपल्या हौसेपायी हिला दंड बसला तर? खरं सांगितलं तर ती पुन्हा तोंड पाहणार नाही... पण न सांगता तिच्यासमोर बसणंही जमेना.

त्या गुरुवारी त्यानं फॉर्मचं पाकीट तिच्यापुढे ठेवलं. "हे पहिल्याच दिवशी तयार होतं. मी खोटं बोललो, अनघा. तुला पुन्हा पुन्हा भेटायचं होतं, म्हणून. आजच कुरियर करतो. तू हवं तेवढं रागाव."

अनघानं शांतपणे पानं उलटली. एकेका आकड्यावरून बोट फिरवलं.

"बरोबर आहे. माझंही एवढंच आलं होतं."

"तुझं?"

"कॉलेजच्या ऑफिसला ईमेल करून विचारलं मी. कागदांच्या प्रती होत्या माझ्याकडे. दोन्ही राज्यांचे फॉर्म मार्चमध्येच गेले."

"मग... दर गुरुवारी तू कशाला येत होतीस?"

"पराठा खायला." ती हसली, आणि लगेच तिचा आवाज बारीक झाला. "मे महिन्यात मी परत जाणार, रुचिर. अजून एक वर्ष शिक्षण आहे."

"मी थांबेन. तुला येता आलं नाही, तर मी तिकडे येईन."

"हेही खोटं?"

"नाही. आता नाही."

तेवढ्यात तिचा फोन वाजला. मावशीचा आवाज पलीकडच्या टेबलापर्यंत गेला असेल. "अगं, कसले एवढे फॉर्म? किती राहिलेत अजून?"

"झाले, मावशी," अनघा म्हणाली. टेबलाखाली तिनं रुचिरची बोटं घट्ट धरली. "आणि... आज एक ताट जास्त वाढ. मी कुणालातरी घेऊन येतेय."