पाच आठवडे उशिराचा ईस्टर

पावसाची बारीक भुरभुर चालली होती. फुलवाली चाळीस कुंड्यांची हातगाडी ढकलत जुन्या चर्चच्या दारात पोचली, तेव्हा तिच्या वेणीतून पाणी ठिबकत होतं आणि कुंड्यांतल्या लिली मात्र लग्नाला निघाल्यासारख्या टवटवीत होत्या. आत सगळीकडे काळी कापडं. फुलाचं नाव नाही. शिडीवर चढून एक सुतार खिडकीची चौकट ठोकत होता.

"लिली आणल्यात," ती म्हणाली. "उद्याच्या ईस्टरच्या."

सुताराने तोंडातले दोन खिळे काढले. "उद्या कोणाचा ईस्टर?"

"कोणाचा म्हणजे? जगाचा!"

"मग आम्ही जगात नसू..." तो खाली उतरला. डोळे हसरे होते मेल्याचे. "ईस्टरआधीचा आमचा उपवास सुरू होऊन दोन आठवडेही झाले नाहीत. ईस्टर अजून पाच आठवडे लांब आहे."

आता चूक कोणाची? तिचीच. जुन्या चर्चने यंदा पहिल्यांदाच फुलं मागवली होती. 'ईस्टरच्या आदल्या दिवशी' एवढं तिने लिहून घेतलं आणि तारीख विचारलीच नाही. सूर्य कोणत्या दिशेला उगवतो हे कोणी विचारतं का? पण हार मानेल तर ती फुलवाली कसली!

"ईस्टर काय तुम्ही घरी बसून ठरवता?"

"नियम तुमचाच आहे. वसंतात दिवस-रात्र सारखे झाले की पुढची पौर्णिमा, आणि तिच्यानंतरचा रविवार. फक्त आमचं चर्च जुनं कॅलेंडर धरून आहे. तेरा दिवस मागे, आणि पौर्णिमेचा तक्ताही जुनाच, खऱ्या चंद्राच्या चार-पाच दिवस मागे. या सोमवारी तुमची पौर्णिमा आली, तेव्हा आमच्याकडे वसंत यायचाच होता."

"आणि चंद्राचं काय म्हणणं आहे?"

"तो बिचारा दोघांकडेही येतो."

ती हसली. हसायचं नव्हतं, पण हसली. परत जाताना गाडी त्यानेच ओढली. वळणावर तो सहज म्हणाला, "आमच्या ईस्टरला फुलं नसतातच. तोवर सगळी काचघरं रिकामी झालेली असतात."

"मी देईन," ती ताडकन म्हणाली. "पाच आठवड्यांनी. चाळीसच्या चाळीस!"

बोलून तर बसली. पण लिलीला शब्द देता येत नाही, तिचा घ्यावा लागतो. घरच्या काचघराच्या थंड कोपऱ्यात मागे पडलेल्या साठेक कुंड्या होत्या, बाबा त्या खतात टाकणार होते. त्या तिने वाचवल्या. लिलीची वेळ साधायची तर पानं मोजावी लागतात: किती उलगडली, किती राहिली, आठवड्याला किती उलगडतायत. मग त्याप्रमाणे ऊब वाढवायची नाहीतर कमी करायची. एकटीचं काम नव्हे. सुतार रोज संध्याकाळी कामावरून थेट यायला लागला. ती मोजायची, तो आकडा मोठ्याने म्हणायचा.

तिचा ईस्टर झाल्याच्या दुसऱ्या दिवशी तिने त्याच्यापुढे केक धरला.

"उपवास आहे. अंडं नाही, दूध नाही, लोणी नाही."

"मग खाता काय? रंधा मारून पडलेला भुसा?"

"पाच आठवडे थांबेन मी."

"केकसाठी?"

"केकसाठीही..."

ती पानांचा आकडा विसरली. ती कुंडी पुन्हा पहिल्यापासून मोजावी लागली, आणि तेव्हाही आकडा चुकला. तिसऱ्या आठवड्यात त्यांच्यातलं 'तुम्ही' कधी गळून पडलं ते दोघांनाही कळलं नाही.

बाबांना मात्र सगळं कळलं होतं.

"आपल्या घरात ईस्टर एकच," ते म्हणाले. "तुझ्याशी लग्न करायचं असेल तर त्याने आपली तारीख धरावी."

सुताराच्या आईनेही अगदी हेच सांगितलं होतं, फक्त उलटं. आयुष्यात एकदाही न भेटलेली ही दोन माणसं एका सुरात बोलत होती!

"बाबा, तो त्याची तारीख सोडणार नाही. आणि त्याने सोडली, तर मीच त्याच्याशी लग्न करणार नाही."

"आणि तू?"

"मी माझी का सोडू?"

बाबांचा चेहरा लाल झाला. "मग ऐक. त्या चर्चमध्ये फुलं घेऊन गेलीस, तर या काचघरात पुन्हा पाऊल टाकायचं नाही."

रांगत होती तेव्हापासून ती याच मातीत वाढली होती. कोणती काच गळते, कोणता कंद रुसतो, सगळं तिला पाठ होतं. दुसरं काम तिला येत नव्हतं आणि करायचंही नव्हतं. पण शब्द गेला होता. आणि शब्दामागून, खरं सांगायचं तर, तीही गेली होती.

सुताराच्या ईस्टरच्या आदल्या दिवशी, शनिवारी भर दुपारी, बाबांच्या डोळ्यांदेखत तिने गाडी बाहेर काढली. साठांतल्या चाळीसच तगल्या होत्या; सदतीस फुलल्या होत्या, तीन हट्टी कळ्याच राहिल्या. तिने चाळीसही नेल्या.

रविवारी सकाळी घंटा घणघणल्या. काळी कापडं गेली होती, जुनं चर्च पांढरंशुभ्र झालं होतं आणि लोक एकमेकांच्या हातात लाल रंगवलेली अंडी ठेवत होते. तेवढ्यात दारात बाबा उभे! लेकीला ओढून न्यायला आले होते, पण आपण खतात टाकणार होतो तीच फुलं पाहून तिथेच थबकले. सुताराच्या आईने कोण-कुठले काही न विचारता त्यांच्या हातावर लाल अंडं ठेवलं. मग दोघं एका बाकावर बसून बराच वेळ कुजबुजली.

उठली ती खुशीतच. "प्रश्न मिटला!" बाबा म्हणाले. "पुढच्या वर्षी दोन्ही ईस्टर एकाच दिवशी येतायत. तेव्हा लग्न करा. कोणाला काही सोडायला नको."

सगळे हसले. फुलवाली सोडून.

"नाही," ती म्हणाली.

"अगं, आता काय?"

"जुळलेल्या वर्षी कोणीही लग्न करेल, बाबा. त्याच्या पुढच्या वर्षी तारखा पुन्हा वेगळ्या पडल्या की आम्ही काय करायचं, वेगळं राहायचं? आमचं जुळत नाही तरी जमतं, हे तुम्हाला याच वर्षी पाहावं लागेल. आणि उद्या सकाळी मी काचघरात कामावर येणार. कुलूप लावलंत, तर दार उतरवायला हा आहे."

मग ती सुताराकडे वळली.

"तू... थांबणार आहेस का वर्षभर?"

"थांबलो की पाच आठवडे," तो म्हणाला. "आता गरजेपेक्षा एक दिवस जास्त नाही. माझं प्रेम आहे तुझ्यावर. दोघांचेही उपवास संपलेत. तयारीला दोन आठवडे पुरे, त्या रविवारी लग्न करू."

"कोणाच्या कॅलेंडरने?" त्याच्या आईने घाईघाईने विचारलं.

सुताराने सगळ्या चर्चसमोर फुलवालीचा मातीने माखलेला हात धरला.

"रविवार दोन्हीकडे रविवारच असतो, आई."