काशाच्या बुशाची मोटार

हैदराबादची आगगाडी जालन्याहून संध्याकाळी सुटणार होती आणि ती चुकली तर सुभद्राची कॉलेजची परीक्षा बुडणार होती. असं असूनही त्या सकाळी उमापुरात, काकांच्या गोठ्यात, तांबड्या मोटारीखाली पाठीवर पडलेली सुभद्रा मोठ्या मजेत होती. हाताला ग्रीस, केसांत कडब्याचा भुसा. वसतिगृहात असं सुख कुठलं.

मोटार शर्यतीची. दोघांपुरती, बिनछताची, लांब नाकाची. हैदराबादेत कुण्या नवाबाची हौस फिटली आणि इकडे उत्तरेश्वरकाकांची जागी झाली. पण संक्रांतीपासून तिच्या इंजिनात काहीतरी खुळखुळायला लागलं. गावानं लगेच ठरवून टाकलं, मोटार झपाटलीय. काकांनीही मान डोलावली आणि तिच्यात बसायचंच सोडलं.

"आवाज बंद झाला तर मोटार ने," ते म्हणाले होते. "न्हाई तर बस घरी. परीक्षा काय पळून चालली?"

"परीक्षाच पळून चाललीय, काका."

"मग जाऊ दे तिला. लई शिकून काय तहसीलदार होणारेस?"

बैलगाडीनं निघावं तर काकांनी आज-उद्या करत तेवढे दिवस घालवले होते. आता एक ही मोटार, नाहीतर घर. आणि घर म्हणजे स्थळं, हे सुभद्राला कुणी सांगायला नको होतं.

गोठ्याच्या दाराशी आश्रुबा उकिडवा बसला होता. काकांचा जुना गाडीवान. दर सुट्टीनंतर सुभद्राला जालन्याला पोचवणारा तोच. जाताना वाटभर गप्पा मारायचा आणि येताना रिकाम्या गाडीत तोंडावर रुमाल टाकून झोपायचा. घरची वाट बैलांना ठाऊक असते, म्हणून परतीला सगळेच गाडीवान झोपतात. काका त्यावरूनही ओरडायचे.

सुभद्रानं इंजिन चालू केलं. बाभळीच्या काठीचं एक टोक कानाला लावलं आणि दुसरं इंजिनावर फिरवलं. काठीतून आवाज स्वच्छ येतो. टण्... खुळ. टण्... खुळ. मग लाकडी मुठीच्या पेचकसानं एकेका प्लगची ठिणगी तोडून पाहिली. तिसऱ्याची तोडली तसा आवाज थांबला.

"सापडला. तिसऱ्या दांड्याचा बुश, म्हणजे टोकातलं कडं, ढिला झालाय. भूत नाही न् काही नाही."

एक गोष्ट मात्र तिला पटेना. इंजिन पळवलं की असला आवाजही पळायला हवा. तिनं दोनदा पळवून पाहिलं. इंजिन किंचाळलं, पण आवाजाची चाल तीच. टण्... खुळ. रमतगमत, ओझं घेऊन चालल्यासारखी.

तिनं पेट्रोलची कळ बंद केली, खालचं तेलाचं भांडं उतरवलं आणि बुश काढून उजेडात धरला. हा काही मूळचा नव्हता. काशाचा होता, पिवळसर, आणि हाताला कोमट लागत होता. इंजिनाला तेलाचा वास यावा, तर येत होता ओल्या कातड्याचा आणि चघळलेल्या कडब्याचा. गोठ्यात यायचाच, असं तिनं मनाशी म्हटलं.

"मामा, हा कुठला?" तिनं आश्रुबाला विचारलं.

"शिरूर कासारच्या वताऱ्यानं संक्रांतीला वतून देला. मुंबईचा यायला लई दिस लागत्याल, म्हनले मालक."

"आणि कासं कुठून आणलं?"

आश्रुबा जमिनीकडं बघत राहिला. "पवळ्याची घंटा..."

पवळ्या म्हणजे जोडीतला डावा बैल. दिवाळीनंतर सुभद्राला जालन्याला सोडून परत येताना तो गोदावरीच्या वाळूत, जू मानेवर असतानाच बसला. पुन्हा उठला नाही. आश्रुबा तेव्हा गाडीत झोपलेला होता. मेलेल्या बैलाची घंटा दुसऱ्याच्या गळ्यात घालायची नाही, पुरल्या जागी लिंबाला टांगायची, ही गावची रीत. आश्रुबानं टांगली होती. काकांनी फुकटचं कासं म्हणून ती उतरवून आणली.

"त्यो घरला पोचलाच न्हाई, अक्का," आश्रुबा हळूच म्हणाला. "पुरला बी वाळूच्या कडंला, तितंच..."

सुभद्राला राग आला तो काकांचा. पण राग करत बसायला वेळ नव्हता. तिनं बुशाखालची पातळ पत्री काढली, बुश आवळून बसवला, भांडं चढवलं आणि हँडल मारलं. इंजिन मांजरीसारखं गुरगुरलं. खुळखुळ नाही. काकांनी ओसरीवरून ऐकलं, पुन्हा ऐकलं, आणि नाइलाजानं हात हलवला.

"जा. आपला डायवर रामकिसन सासुरवाडीला हाय जालन्यात, सांजच्याला ठेसनावर येतो म्हनलाय. मोटार त्यो परत आणील. आश्रुबा, तू फकस्त बसून ये. हात लावू नको कशाला बी."

धपाटे बांधून घेऊन दोघं निघाली. वेस मागं पडली आणि जरा वेळानं... टण्... खुळ.

सुभद्रानं दात आवळले. मागं फिरलं तर परीक्षा गेली. ती फिरली नाही. आश्रुबा डोळे मिटून, बऱ्याच दिवसांनी ओळखीचं माणूस भेटावं तसा हसत बसला.

आणि वाट खरोखर सुखाची झाली. चैत्रातलं ऊन, पण वाऱ्यानं लागेना. गोदावरीच्या वाळूत चाकं रुतायला हवी होती, ती रुतली नाहीत. वाळूच्या मध्यावर मोटार क्षणभर आपसूक थांबली. आश्रुबा पुटपुटला, "चल बाबा... चल रं..." आणि ती निघाली. पलीकडं चढल्यावर सुभद्राच्या ध्यानात आलं की इंजिनाची गुरगुर ऐकूच येत नाहीये. तेवढी ती एक चाल ऐकू येतेय. आवळलेलं इंजिन असंच मऊ चालतं, असं म्हणून ती गाणं गुणगुणत राहिली.

जालन्याला ऊन कललं होतं. तिनं मोटार स्टेशनबाहेर झाडाखाली लावली, हँडल रामकिसनच्या हातात दिलं आणि डब्यात खिडकी पकडली. गाडी मिळाली होती. परीक्षा मिळाली होती. तिनं धपाटं सोडलं.

तेवढ्यात रामकिसन फलाटावरून धावत आला. हँडल अजून त्याच्या हातातच होतं.

"बाई, मोटार बैलं जुंपून आणली का? पेट्रोलची कळ बंद हाय. टाकी बी काठोकाठ भरलेली. तुमी आलाव कशा?"

सुभद्राचा घास हातात राहिला. "मामा कुठायत?"

"बसलेत मोटारीत. डोळा लागलाय त्यांचा. म्हनलं, हँडल मारायच्या आदी तुमाला..."

शिटी झाली. डबा हलला. रामकिसन बोलत बोलत मागं राहिला.

स्टेशनच्या पुढं अंबडचा रस्ता थोडा वेळ रुळांच्या बाजूनं जातो. त्या रस्त्यावर तांबडी मोटार चालली होती, घराकडं तोंड करून, रमतगमत. चालवायची जागा रिकामी. शेजारी आश्रुबा तोंडावर रुमाल टाकून गाढ झोपलेला.

"मामा... ओ मामा..." सुभद्रानं हाक मारली. गाडीच्या खडखडाटात ती तिलाच ऐकू आली नाही.

समोरून मेंढरं येत होती. मोटारीचं चाक हळूच वळलं, मेंढरांना वाट दिली. म्हाताऱ्या मेंढक्यानं मान वर करून पाहिलंसुद्धा नाही. जाता जाता त्यानं मोटारीच्या लांब नाकावर थाप मारली, चालत्या बैलाला मारावी तशी.

आणि पाठीवर माशी बसावी तसं ते तांबडं लोखंड, पुढून मागंपर्यंत, शहारलं.