दोन्हीकडे क्ष

सुताराला उत्तर आधी दिसायचं. फळी नुसती बघितली तरी किती कापायची हे त्याच्या हाताला कळत असे. मुलगीही बापाच्याच वळणावर गेलेली. आठवीच्या गणिताच्या पेपरात तिने सगळी उत्तरं बरोबर लिहिली, पायरी एकही लिहिली नाही, आणि नापास झाली.

पायऱ्या शिकवायची ती आई. शाळेत गणितच शिकवायची. गेल्या हिवाळ्यात ती गेली, अडतिसाव्या वर्षी.

आता शनिवारी फेरपरीक्षा होती. तीही हुकली तर मावशी मुलीला आपल्याकडे घेऊन जाणार होती, शिकवायला. फोनवर तसं ठरलंच होतं.

"भावोजी, रंधा मारणं वेगळं आणि पोरीला बीजगणित शिकवणं वेगळं."

"शिकवतो मी," तो म्हणाला. मुलगी गेली की घरात आपल्याशिवाय कुणी उरत नाही, हे त्याने सांगितलं नाही.

रोज सकाळी खालचं दुकान उघडायच्या आधी बापलेक स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसू लागले. आईची पद्धत मुलीला पाठ होती. उदाहरणात पुस्तकातल्या माणसांऐवजी घरातली घालायची. एका ओळीत एकच पायरी. शेवटी पडताळा. सुतार दोन ओळी लिहायचा आणि उठायचा. खिडकी लावायचा, परत उघडायचा.

"बाबा, तुम्हीही सरळ उत्तरच लिहिलंत. तुम्हालाही शून्य."

"गिऱ्हाईक नाही विचारत पायऱ्या."

"गिऱ्हाईक पेपर तपासत नाही."

मंगळवारी त्याचं चिन्ह चुकलं. अठरा पलीकडच्या बाजूला नेताना त्याने अधिकचं चिन्ह तसंच ठेवलं. तेवढ्यात दूध वर आलं म्हणून तो उठला. परत येऊन बघतो तर अधिक खोडून वर वजा केलेलं. बारीक पेन्सिलीने. तो मुलीला शाबासकी द्यायला वळला. मुलगी न्हाणीघरात होती. बादलीत पाणी पडत होतं.

बुधवारी त्याने बेरीज चुकवली. वहीत नवी बेरीज लिहिलेली सापडली, सत्तावीस.

मुलगी बराच वेळ त्या आकड्याकडे बघत राहिली. "सातला मधे आडवी रेघ आहे," ती म्हणाली. "मी नाही काढत अशी."

"मीही नाही."

त्या दिवशी दुकानात त्याने एक खिडकीची चौकट दोन वेळा चुकीची कापली.

गुरुवारी त्याने मुद्दाम दोन चुका केल्या, वही उघडी टाकली आणि उगाच जिना उतरून वर आला. दोन्ही दुरुस्त झाल्या होत्या. तिसरी एक पायरी त्याच्या मते चुकली होती, पण तिला पेन्सिल लागलेली नव्हती. त्याने पुस्तकात मागे जाऊन पाहिलं. ती बरोबरच होती.

"तुम्ही मुद्दाम चुकताय," मुलगी म्हणाली. "परीक्षा माझी आहे, बाबा."

त्याला लाज वाटली. पण शुक्रवारीही त्याला राहवलं नाही. वयाचं उदाहरण होतं. त्याने त्यात बायको घातली. आई अडतीस, मुलगी चौदा. किती वर्षांनी आईचं वय मुलीच्या दुप्पट होईल? या वेळी त्याने एकही चूक केली नाही. दोन्हीकडे क्ष मिळवला. उत्तर दहा वर्षं.

हात धुऊन तो परत आला.

आईच्या अडतिसापुढचा क्ष खोडला होता.

खाली सगळ्या पायऱ्या नव्याने मांडल्या होत्या, एका ओळीत एक. क्ष बरोबर पाच. पडताळा: आई अडतीस, मुलगी एकोणीस.

तो उभ्याउभ्या ते वाचत राहिला. मग त्याने पान मिटलं आणि मुलीला दुसऱ्या वहीत सराव करायला लावला.

शनिवारी दुपारी मुलगी पेपर देऊन आली. दप्तर खुर्चीवर टाकून ती पाणी प्यायली.

"सगळ्या पायऱ्या लिहिल्या. आणि गंमत सांगू? वयाचं गणित आलं होतं. वडील बेचाळीस, मुलगी चौदा, दुप्पट कधी. आपलीच वयं."

"मग?"

"दोन्हीकडे क्ष मिळवला, चौदा उत्तर आलं. पुढचं सोडवून परत बघितलं तर..."

"काय?"

"वडिलांच्या बाजूचा क्ष खोडलेला."

सुताराने तिच्या हातातला पेला घेतला आणि खाली ठेवला.

"मी क्ष परत लिहिणार होते. पण आई कधी चुकते का, बाबा? मग तसंच ठेवलं. सात आलं. पडताळाही जुळला. वडील बेचाळीस, मुलगी एकवीस." ती त्याच्याकडे बघून हसायचा प्रयत्न करत होती. "चुकलंच ना पण? नऊ तारखेला तुम्ही त्रेचाळीस होणार."

"जेवून घे," तो म्हणाला.

ती जेवत होती तेव्हा त्याने बाहेरच्या खोलीत जाऊन फोन लावला.

"निकालाची वाट बघू नकोस," तो मावशीला म्हणाला. "येऊन पोरीला घेऊन जा. नऊ तारखेच्या आत ये."

"अहो भावोजी, एवढी घाई? नऊला काय आहे?"

आतून मुलीने ताट उचलल्याचा आवाज आला.

"नऊला काहीच नाही," तो म्हणाला.