पुण्याहून येणारा फोन

“मी पुण्याला जाईन ती संस्कृतीला घेऊनच. एकटी गेले असं कुणी सांगितलं ना, तर खरं मानू नकोस हां.”

उल्का हे म्हणाली तेव्हा कुंपणापलीकडे कपडे वाळत घालत होती. भार्गवीच्या पायांवर तेल लावलेलं बाळ होतं आणि ते भोकाड पसरून रडत होतं. “कोण सांगणार असलं काही?” म्हणून भार्गवी हसली आणि बाळाच्या आंघोळीच्या नादात विसरूनही गेली.

२००३ची संक्रांत झाली आणि त्याच आठवड्यात संस्कृती एकटीच कुंपणाशी आली. उल्काची तीन वर्षांची पोर. भांग वाकडा, एक शेंडी कानाच्या वर, दुसरी मानेवर.

“केस कुणी बांधले गं?”

“आजोबांनी.”

“आणि आई?”

“पुण्याला गेली. पुस्तक करायला.”

“तुला न घेता?”

संस्कृतीने मान हलवली. मग भार्गवीच्या कडेवरच्या बाळाकडे बघत विचारलं, “याची आई आहे?”

भार्गवीने तिचा भांग बोटांनी सरळ केला.

नाचणे रस्त्यावरची ती छोटी वसाहत. भार्गवी इलेक्ट्रिकल इंजिनीअर. बाळ झालं आणि नोकरी सुटली. तेव्हापासून तिला सगळ्याचीच भीती वाटे. गॅसचं बटण, विहिरीचा कठडा, झोपलेल्या बाळाचा श्वास. त्यामुळे तिच्या भीतीला घरात आता फारशी किंमत उरली नव्हती.

“अपूर्व, उल्का संस्कृतीला सोडून जाणं शक्यच नाही.”

नवरा वीज कचेरीत इंजिनीअर. त्याने चहाचा कप खाली ठेवला. “गेल्या आठवड्यात तुला दूधवाला चोर वाटत होता.”

“ते वेगळं.”

“हो, ते दूध पातळ होतं म्हणून.”

ती शेजारी गेली.

उल्काचे सासरे श्रीपती सर व्हरांड्यात बसले होते. पदार्थविज्ञानाचे निवृत्त प्राध्यापक. आयुष्यभर साधे शिक्षक, पण गेल्या तीन वर्षांत त्यांचं नाव झालं होतं. विश्वाच्या पहिल्या उजेडावर त्यांचा एक शोधनिबंध आला. मग आंब्याच्या बाजारातल्या चढउतारावर, तोही अर्थशास्त्राच्या मासिकात. मग विजेच्या वाहिन्या अचानक का कोसळतात, यावर. तीन शास्त्रं, एक माणूस! गावाने दोनदा सत्कार केला होता. आता तिन्ही विषय बांधणारं पुस्तक यायचं होतं.

“ये भार्गवी, बैस. बाळ बरं आहे ना?”

“बरं आहे, सर. उल्का अचानक कशी गेली?”

“संशोधनवृत्ती मिळाली. लगेच रुजू व्हायचं होतं.”

“संस्कृतीला ठेवून?”

सरांनी चष्मा काढून पुसला. “मीही तेच म्हटलं. पण मुलगी की अभ्यास, हे तिने ठरवलं. तिला दोष देऊ नकोस हो.”

“तिचा फोन नंबर द्याल?”

“वसतिगृहात बाहेरचे फोन घेत नाहीत. तिलाच तुला करायला सांगतो. मग तर काळजी मिटेल?”

किती मायेने बोलले! भार्गवीला स्वतःचीच लाज वाटली.

उठताना तिला पायरीवर सदू दिसला, सरांच्या कातळावरच्या आंब्याच्या कलमांच्या बागेचा राखणदार. हातात चार पुडांचा डबा.

“काय सदूभाऊ, आता डबा? तुम्ही तर आपल्या हातानं मासळी रांधून खाता.”

सदूने सरांकडे पाहिलं.

“मोहोरावर फवारणी चाललीय,” सरच बोलले. “त्याला चुलीपाशी बसायला सवड नाही.”

रथसप्तमीपर्यंत हळदीकुंकवं चालली. घरोघर एकच विषय. ‘पोरीला टाकून गेली म्हणे.’ ‘एवढं शिकून काय उपयोग?’ भार्गवीलाही कुणी विचारलं. “हो, पुण्याला गेलीय,” ती म्हणाली. दुसरं काय सांगणार?

आणि खरंच उल्काचा फोन आला. दिवेलागणीला.

“भार्गवी, मी उल्का. मजेत आहे. काळजी करू नकोस.”

आवाज तिचाच, पण इस्त्री केल्यासारखा.

“अगं, संस्कृती...”

“बाबा बघतात तिचं. माझं काम फार छान चाललंय.”

खोलीतला बल्ब क्षणभर मंद झाला आणि फोनमध्ये काहीतरी वाजलं. बाळ दचकून रडायला लागलं. भार्गवीने त्याला खांद्यावर घेतलं. खालच्या बर्फाच्या कारखान्यातलं यंत्र सुरू झालं की बल्ब असाच डोळा मिचकावी. बाळाला अजून सवय नव्हती.

“काय वाजलं गं तिकडे?”

“कॉम्प्युटरचं यूपीएस. वीज जराशी हलली तरी ओरडतं.”

“आणि काम म्हणजे नक्की काय?”

 उल्का सावकाश, शिकवल्यासारखं बोलली. “टीव्हीला चॅनल लागला नाही की मुंग्या दिसतात ना? त्यातल्या थोड्या मुंग्या म्हणजे विश्वाच्या सुरुवातीचा उजेड आहे. लोक मुंग्या काढून चित्र शोधतात. मी चित्र सोडून देते आणि मुंग्या बघते. बाजारभावात तेच, विजेच्या दाबात तेच. मोठा आकडा फसवतो. थरथर खरं बोलते. कळलं?”

“कळलं,” भार्गवी म्हणाली. तिला काही कळलं नव्हतं.

“मी पुन्हा करीन. दिवेलागणीलाच.”

भार्गवीने मुंबईला सलिलला, उल्काच्या नवऱ्याला फोन लावला. तो बँकेत होता, महिन्यातून एकदा यायचा.

“वहिनी, ती माझ्याशीही बोलते. तिला जायचं होतं, गेली. बाबा या वयात पोरीला न्हाऊमाखू घालतायत. तुम्ही अजून काय शोधताय?”

“तुम्ही तिला पुण्यात भेटलात?”

“आमच्या घरात लक्ष घालू नका,” म्हणून त्याने फोन ठेवला.

त्याच सुमाराला कॉलेजात सरांचं व्याख्यान झालं. भार्गवी बाळाला घेऊन शेवटच्या रांगेत बसली. वाणिज्य शाखेच्या एका मुलीने विचारलं, “सर, भाव पडायच्या आधी थरथर वाढते म्हणालात. पण सगळेच व्यापारी घाबरलेले असतील तर ती कमी नाही का होणार?”

सर हसले. “सुंदर प्रश्न. उद्या सांगतो.”

दुसऱ्या दिवशी भार्गवी पुन्हा गेली, तर फळ्यावर उत्तर होतं, चोख आणि देखणं. मुलीने त्यावर साधीशीच शंका काढली, तर सर पुन्हा हसले. “उद्या.”

घरी येताना भार्गवी तेच घोळवत राहिली. ज्याने तीन वर्षं हा विषय लिहिला, त्याला रात्र कशाला लागते?

दुसरा फोन आला तेव्हा ती बल्बखाली स्टूल घेऊन बसली होती. उल्का पुण्याच्या थंडीविषयी बोलत राहिली. भार्गवीने हवेविषयीचं एक अक्षर ऐकलं नाही. ती फक्त वर बघत होती.

फोन ठेवून ती स्वयंपाकघरात गेली. 

“अपूर्व, बर्फाच्या कारखान्याच्या फीडरवर कोण कोण आहे?”

“आपली वसाहत. आणि टोकाला कातळावरच्या बागांचे पंप. का?”

“श्रीपती सरांची बाग?”

“तीसुद्धा. दिवाळीनंतर तिथे फोनची लाईनही गेली, आमच्याच खांबांवरून. राखणदाराला फोन कशाला, म्हणून आम्ही हसलो होतो.”  या वेळी त्याने चेष्टा केली नाही.

चौकीवर हवालदार हरिश्चंद्र होते. सगळं ऐकून त्यांनी टोपी काढून डोकं खाजवलं.

“नाय वो वहिनी. तक्रार कोनाची? नवऱ्याची नाय, सासऱ्याची नाय. माहेरचं कोन?”

“माहेरी कुणी उरलं नाही.”

“मग बल्ब मंद झाला, असं लिहू काय मी?”

“लिहू नका. नुसते चला.”

बाळाला पाहून असेल, किंवा अपूर्व सरकारी माणूस म्हणून असेल, ते निघाले.

बागेत मोहोराचा गोड दर्प होता. चिऱ्याच्या त्या दोन खोल्यांचं दार सताड उघडं. सदू त्यांना बघून झाडामागे गेला, तो बाहेर आलाच नाही. आत टेबलाशी उल्का बसली होती. पुढे कॉम्प्युटर, पायाशी यूपीएस. शेजारच्या टेबलावर फोन, आणि त्याला जोडलेला दुसरा रिसीव्हर.

तिने वळून पाहिलं. आनंद नाही, आश्चर्यही नाही. नुसतं पाहिलं.

मागोमाग स्कूटर वाजली. सर आले. हवालदारांना पाहून त्यांनी हात जोडले.

“या. उन्हात कशाला त्रास घेतलात?”

“सर, वहिनी म्हनतात की...”

“मला सांगू द्या,” भार्गवी म्हणाली. बाळ तिने अपूर्वकडे दिलं. “उल्काचा फोन पुण्याहून यायचा. पण माझ्या घरातला बल्ब मंद झाला की त्याच क्षणी फोनवर यूपीएस ओरडायचं. एकदा झालं तर योगायोग. काल दर वेळी झालं. बल्ब मंद होतो तो खालच्या कारखान्याच्या यंत्रामुळे, आणि तो झटका पुण्याला पोचत नाही. आमच्या फीडरवर, म्हणजे त्या एका वीजवाहिनीवर, जेवढी घरं, तेवढ्यांनाच लागतो. म्हणजे ती आमच्याच तारेच्या टोकाला होती.”

“ती बोलली का नाही मग?” हवालदारांनी विचारलं.

भार्गवीने दुसऱ्या रिसीव्हरकडे बोट दाखवलं. “सर ऐकत असायचे. म्हणून ती दिवेलागणीलाच फोन करायची. तेव्हा सगळीकडे दिवे लागतात, तारेवर भार असतो आणि झटका नीट दिसतो. तिने मला सांगितलंही होतं, चित्र सोड, मुंग्या बघ. सरांना वाटलं, ती संशोधन समजावतेय.”

सर शांतपणे खुर्चीत बसले.

“चार पुडांचा डबा सदूचा नव्हता. आणि कॉलेजातली उत्तरं रात्रीत यायची ती इथून. तिन्ही शास्त्रांतलं काम तिचं आहे. तुमचं फक्त नाव आहे. संशोधनवृत्ती तिला खरोखरच मिळाली होती, पण ती गेली असती तर पुस्तक कुणी लिहिलं असतं?”

“झालं?” सरांचा आवाज तसाच मायाळू होता. “हवालदार, दाराला कुलूप दिसतंय का? कडी तरी?”

हरिश्चंद्रांनी दाराकडे पाहिलं. कडी नव्हतीच.

“बाई, तुम्ही हितं खुशीनं ऱ्हाता?”

उल्काने सरांकडे पाहिलं नाही. खिडकीबाहेर पाहिलं.

“हो. खुशीनं.”

“कुणाची तक्रार?”

“नाही.”

हवालदार भार्गवीकडे वळले. त्यांना वाईट वाटलं होतं, ते दिसत होतं. “आता सांगा वहिनी. काय लिहू?”

भार्गवीला तोंडावर मारल्यासारखं झालं. ती उघड्या दाराकडे बघत राहिली. एवढी हुशार बाई, पाय धड, दार उघडं, गाव दीड कोसावर. मग ती पळाली का नाही? आणि सरांना लपवायचंच होतं तर ‘पुण्याला गेली’ एवढं पुरे होतं. ‘मुलीला टाकून गेली’ हे कशाला सांगत फिरले?

ती सरांकडे वळली.

“सर,” ती हळू म्हणाली, “तुम्ही तिला लपवलं नाहीत. तुम्ही आम्हाला साक्षीदार केलंत.”

सरांचा चष्मा पुसणारा हात पहिल्यांदा थांबला.

“उद्या ही संस्कृतीला मागायला कोर्टात गेली तर तुम्ही वसाहतीतल्या बायकांना बोलवाल. प्रत्येकजणी शपथेवर सांगेल, ही पोर टाकून पुण्याला गेली होती. मी स्वतः सांगितलंय, हळदीकुंकवात. सलिलही तेच सांगेल, त्याला तर फोनही आलेत. तिचाच आवाज, तिच्याच तोंडून ‘मी पुण्यात मजेत आहे’. पुस्तक पुरं कर, मग मुलगी मिळेल, असंच ना? दाराला कुलूप लागतच नाही, सर. कुलूप तुमच्या घरी आहे, तीन वर्षांचं.”

 उल्काचे डोळे भरले होते, पण मान हलली नाही.

“कल्पक आहेस,” सर म्हणाले. “सिद्ध करता येईल?”

सिद्ध करता येण्यासारखं काय होतं? एक बल्ब. हवालदारांसमोर तर उल्कानेच ‘खुशीनं’ म्हटलं होतं.

निघताना उल्का दारापर्यंत आली. पुटपुटली, “काल किती झटके मोजलेस?”

“पाच.”

“सहा होते. एक हुकला असेल, तुझं बाळ रडत होतं तेव्हा.” ती किंचित हसली. भार्गवीला ते हसू सोसवलं नाही.

सलिलला तिने सगळं सांगितलं. तो म्हणाला, “तिने स्वतः हवालदाराला सांगितलं ना, खुशीनं आहे म्हणून?” वकिलाने तारीख, खर्च आणि ‘मुलीच्या आईने स्वतः यायला हवं’ असं सांगितलं. उल्का आली नाही. पुढच्या आठवड्यात बागेतला फोन काढला गेला. वसाहतीतल्या बायकांना भार्गवीने खरं सांगून पाहिलं. त्या तिच्याकडे, मग तिच्या बाळाकडे कनवाळूपणाने बघत. बाळंतपणानंतर होतं असं, म्हणत.

पुस्तक पावसाळ्याआधी आलं. वर एकच नाव. समारंभात संस्कृतीने आजोबांना गुलाबाचं फूल दिलं. तिची आई आली नव्हती. ‘ती पुण्यात असते,’ कुणीतरी पाहुण्यांना सांगितलं.  आता सरांना स्वतः सांगायची गरजच नव्हती.

मग अपूर्वची बदली पोफळीला झाली. तिथल्या वीजकेंद्राच्या वसाहतीत दिवे लख्ख जळतात, मुळीच हलत नाहीत. भार्गवीला ते बघवत नाही. उल्काला लिहिलेली पत्रं परत येतात.

म्हणून तुम्हाला एक विनंती आहे. तुम्ही रत्नागिरीत असाल, किंवा राजापूरच्या गाडीची वाट बघत तासभर मोकळे असाल, तर नाचणे रस्त्याने वर कातळावर जा. चिऱ्याच्या दोन खोल्या, दार उघडंच असतं. सरांची चौकशी करू नका. उल्काला तिच्या नावाने हाक मारा. आणि आत एक लहान मुलगी तिच्याजवळ दिसते का, तेवढं बघून या.

नसेल दिसत, तर लगेच निघू नका. थोडा वेळ तिथे बसा. तुम्ही गेलात त्या दिवशी उल्का पुण्यात नव्हती, तिथेच होती, हे डोळ्यांनी पाहिलेलं माणूस तिला हवं आहे.