सातवी खाच

आई ड्रायव्हिंगची टेस्ट पास झाली. एकोणसाठाव्या वर्षी, पहिल्याच फटक्यात. लायसन्स पोस्टाने घरी आलं.

आता हे विसरा.

आमच्या घरात असं काही घडलेलंच नाही. ते पाकीट फ्रिजवर पडून आहे आणि आई त्याच्यावर लिंबं ठेवते.

सांगतोय ते खरं आहे. शपथ घेत नाही, तेवढा उत्साह उरलेला नाही. मी एका लिफ्ट कंपनीत दिवसभर फोनवर तक्रारी घेतो. "आम्ही आत अडकलोय" हे वाक्य दिवसातून तीसेक वेळा ऐकतो. त्यामुळे मी सहसा घाबरत नाही... फक्त नोंद करतो.

हीसुद्धा नोंदच समजा.

आणि यात रात्र नाही. जे झालं ते दिवसाढवळ्या झालं. बाबांना रात्री गाडी चालवायला आवडायचं नाही. समोरचे दिवे डोळ्यांवर यायचे.

बाबांना जाऊन सव्वा वर्ष झालं.

मागे राहिलं एक कपाट, चार चष्मे आणि गाडी. गाडी एकोणीस वर्षांची. वयाच्या मानाने ठणठणीत आहे, असं बाबा म्हणायचे. बाबा स्वतःबद्दलही तेच म्हणायचे.

तिचं दुखणं एकच होतं. ड्रायव्हरची सीट.

ती ज्या पट्टीवर पुढेमागे सरकते त्या पट्टीला सात खाचा आहेत. बाबा उंच. त्यांची सीट कायम सातव्या खाचेवर, पार मागे. आई ठेंगणी. तिला दुसरी खाच लागते, नाहीतर पाय ब्रेकपर्यंत पोचत नाहीत.

बाबा होते तोवर हा प्रश्न आलाच नाही. एकोणीस वर्षांत आईने पाचसहा वेळा तरी विचारलं असेल, मला शिकवता का. उत्तर ठरलेलं.

"तुला कशाला हवंय? मी आहे ना."

प्रेमानेच म्हणायचे. मुद्दा तो नाही...

किंवा तोच आहे.

ते गेल्यावर सहा महिन्यांनी आई म्हणाली, "मला गाडी शिकव."

"क्लास लाव की. माझा एकुलता एक रविवार असतो."

"क्लासच्या गाडीत मास्तरच्या पायाखाली पण ब्रेक असतो. मग मी चालवली का त्याने, हे कळणार कसं?"

माझा रविवार गेला.

बंद पडलेल्या एका गोदामामागे मोकळं मैदान आहे. एका टोकाला भिंत. पहिला रविवार, दुपारचे चार. सीट मी दुसऱ्या खाचेवर आणली, दोन्ही हातांनी हलवून बघितली. घट्ट होती.

आईने पहिला गिअर टाकला. गाडी निघाली. भिंत दहा पावलांवर आली तसं मी म्हणालो, "ब्रेक."

कट्...

कट्... कट्...

कट्... कट्.

मी मोजले. पाच.

सीट आईला घेऊन मागे गेली. तिच्या चपला ब्रेकच्या चार बोटं अलीकडे लोंबकळत होत्या.

भिंत येत होती.

मी हँडब्रेककडे हात नेला...

गाडी थांबली. अलगद. हँडब्रेकला माझा हात अजून लागलाही नव्हता.

"छान दाबलास," मी म्हणालो. दुसरं काही सुचवून घ्यायची माझी इच्छा नव्हती.

"मी नाही दाबला," आई म्हणाली.

मग स्टिअरिंगमधून आवाज आला.

टक... टक.

गाडी लावून झाली की बाबा बोटातली अंगठी स्टिअरिंगवर दोनदा वाजवायचे. म्हणजे आलो, उतरा.

आम्ही दोघं उतरलो. सवय.

आमच्या मेकॅनिकला सगळे बघू म्हणतात, कारण काहीही सांगा, तो "बघू" म्हणतो. सीटखाली डोकं घालून तो बराच वेळ आत राहिला.

"खटका झिजलाय," तो म्हणाला. "हे हसण्यावारी नेऊ नका. ब्रेक दाबताना सीट मागे गेली ना, माणूस हातचा जातो. यात काकूंना बसवू नका."

"मग नीट कर," आई म्हणाली.

"बघू."

त्याने खटका बदलला. पुढच्या रविवारी...

कट्. पाच वेळा.

मग त्याने अख्खी सीटच बदलली. त्याच मॉडेलच्या भंगारातल्या गाडीची, तपकिरी. आमची गाडी आतून राखाडी. एकच दात वेगळा दिसावा तसं दिसत होतं.

पुढच्या रविवारी...

"सीट बदलली," आई म्हणाली. तिचे पाय हवेत होते. "बसणारा तोच आहे."

मी म्हणालो, "गाडी विकू या."

"का? मी शिकतेय ना."

असे रविवारांवर रविवार गेले. गाडी दर वेळी आपणहून थांबायची. दर वेळी टक टक. दर वेळी मी सोमवारी न झोपल्यासारखा कामावर जायचो आणि लिफ्टमध्ये अडकलेल्यांना सांगायचो, घाबरू नका.

मग एका रविवारी आई कंटाळली. घाबरली नाही, नुसती कंटाळली. गर्दीच्या बाकावर टेकायला जागा हवी असली की माणूस जसं म्हणतो, तसं ती म्हणाली,

"अहो... सरका ना जरा."

आईने बाबांना आयुष्यात कधी नावाने हाक मारली नाही. सगळा संसार 'अहो'वर निभावला.

कट्... कट्... कट्...

कट्... कट्.

सीट पुढे आली. दुसऱ्या खाचेवर.

मी खिडकीबाहेर बघत बसलो. कुणीतरी रस्त्याकडे बघायला हवं होतं. तिथे रस्ता नव्हता, ही गोष्ट वेगळी.

त्यानंतर महिनाभर सगळं सुरळीत चाललं. आई बसायची, सांगायची, सीट पुढे यायची. मला वाटलं मिटलं. भूत असलं तरी घरचंच, आणि सांगितलेलं ऐकणारं. जिवंतपणी तेवढंही ऐकत नव्हते.

पण आईचं मिटलं नव्हतं.

"दर वेळी मी विचारायचं," ती म्हणाली. "मग ते सरकणार. म्हणजे जागा त्यांचीच ना?"

टेस्टची तारीख लागली. आदल्या दिवशी आई एकटी बघूकडे गेली. परत आल्यावर मला म्हणाली, वेल्डिंग करून घेतलं. सीट दुसऱ्या खाचेवर कायमची डकवून टाकली.

बघू तिला म्हणाला होता, "काकू, मग कुणा उंच माणसाला ही गाडी चालवता येणार नाही."

"तेच हवंय," आई म्हणाली होती.

मी खाली जाऊन पाहिलं. पट्टीला वेल्डिंगचे चार जाड टाके. लाथ मारून बघितली. सीट ढिम्म हलली नाही.

शुक्रवार, सकाळचे साडेअकरा. टेस्टच्या मैदानावर घरच्यांना कठड्यापर्यंतच सोडतात. आईशेजारी परीक्षक बसले. हातात पुठ्ठा, चेहऱ्यावर झोप.

गाडी निघाली. तिचं ते धक्का देऊन निघणं मी ओळखतो. ती आईच होती.

पहिलं वळण आलं.

एवढ्या लांबून आवाज ऐकू येत नाही. पण काचेतून तिचा चेहरा दिसत होता...

तो मागे गेला.

थोडा.

आणखी थोडा.

मी मोजले.

आईचे हात पार ताणले गेले होते, स्टिअरिंगला नुसती बोटं टेकलेली. ओठ हलत होते. आणि गाडी... गाडी लोण्यातून सुरी जावी तशी चालली होती. चढावर थांबली, इंचभरही मागे आली नाही. दोन पिंपांच्या मधून रिव्हर्स गेली. गोदामामागच्या मैदानात आईला रिव्हर्स एकदाही जमला नव्हता.

परीक्षक उतरून माझ्याकडे आले.

"पास. हात एकदम सफाईदार आहे हो. वीसेक वर्षं चालवणाऱ्याचा वाटतो."

मी मान हलवली.

"फक्त एक सांगा त्यांना. सारख्या माझ्याशी बोलत होत्या. अहो, नका. अहो, मला करू द्या ना." त्यांना ते लागलेलं दिसलं. "मी बोटसुद्धा लावलं नाही हो. माझ्या बाजूला ब्रेकच नाही."

मी गाडीपाशी गेलो. आई सातव्या खाचेवर बसली होती. पाय लोंबकळत होते, मोठ्यांच्या खुर्चीत लहान मूल बसवावं तसे.

"पास झालीस," मी म्हणालो.

"कोण?" आई म्हणाली.

टक... टक.

या वेळी आई उतरली नाही.

मागे तीन गाड्या उभ्या होत्या. तिघांनीही हॉर्न वाजवले. आई समोर बघत बसून राहिली.

संध्याकाळी बघू सीटखाली शिरला.

"मी दुसऱ्या खाचेवर वेल्डिंग केलं होतं," आतून आवाज आला.

"हो."

"ही सातवीवर आहे."

"हो."

टॉर्चचा उजेड पट्टीवरून फिरला.

"टाके तुटलेले नाहीत," तो म्हणाला. "आणि टाके माझेच आहेत."

तो बाहेर आला, हात पुसले, पाना उचलला आणि दुकानाचं शटर ओढलं. त्या दिवशी तो बघू म्हणाला नाही.

गाडी आता घराखाली उभी असते. बॅटरी मी काढून ठेवली आहे. काही दुपारी आमच्या तिसऱ्या मजल्यापर्यंत ऐकू येतं... कट्. मी मोजत नाही. मोजत नाही असं ठरवलं आहे.

आज आई समोर येऊन बसली. म्हणाली, "रोज लोकांच्या तक्रारी लिहितोस. माझी एक लिही."

ती सांगत गेली, मी लिहीत गेलो. अर्ध्यावर आलो तेव्हा जेवणाच्या टेबलावरच, आमच्या दोघांच्या मधोमध...

टक... टक.

माझा हात थांबला.

"लक्ष देऊ नकोस," आई म्हणाली. "पुढे लिही."

प्रति,
परवाना अधिकारी.

विषय: मिळालेला परवाना परत घेणेबाबत.

महोदय,
सोबत जोडलेल्या परवान्यानुसार अर्जदार परीक्षेत उत्तीर्ण झाल्याचे दिसते. प्रत्यक्षात त्या वेळी वाहन अर्जदाराच्या पतीने (मयत) चालवले. तरी सदर परवाना रद्द करून परीक्षा नव्याने घेण्यात यावी. परीक्षेच्या वेळी वाहनात अर्जदार व परीक्षक यांच्याखेरीज अन्य कोणीही, हयात अथवा मयत, नसेल याची कार्यालयाने लेखी हमी द्यावी. अर्जदाराची नापास होण्याची पूर्ण तयारी आहे. मात्र ते तिचे तिला होऊ द्यावे, ही नम्र विनंती.