तुरीच्या फुलांचा गळा

नेत्रावती आळंदच्या बसस्टँडसमोरच्या मोबाईलच्या दुकानात आली ती आईच्या फोनला काच बसवायला. काउंटरवर नवा टॅबलेट मांडलेला होता. त्याची घोषणा होऊन आठवडाच झाला होता. लोकांना दाखवायचा एक नग गुरुवार-शुक्रवार इथं राहणार होता आणि शनिवारी सकाळी कलबुर्गीला जाणार होता.

"अण्णा, हात लावू का?"

काउंटरमागच्या प्रभुलिंगनं मान वर केली. आळंदात प्रत्येक दुकानदार अण्णाच असतो. तरी आज ती हाक त्याला नको वाटली.

"लावा की. त्यासाठीच ठेवलाय."

बाकीची माणसं पेन घेऊन स्वतःचं नाव लिहून बघत. तिनं एक लांब, वळणदार रेघ ओढली, मग दुसरी... बघता बघता ब्लाउजच्या पाठीचा गळा झाला आणि त्याच्या काठानं तुरीची पिवळी फुलं लागली. दारातून तिरपं ऊन येत होतं. तिच्या बोटांना खडूची निळी पूड लागलेली होती.

"आरीचं भरतकाम करता?"

"व्हय. लग्नाचे ब्लाउज." तिची नजर काचेवरच होती. "हलका हाय. पेन लई गोड चालतोय. पण..."

"पण काय?"

"कागद कसा कुरकुरतो! ह्यो मुका हाय."

"आमच्या भाच्यासारखाच!" आतून ईरण्णामामा म्हणाले.

ती हसली. "उरलेली फुलं उद्या काढते."

रोज दुकान बंद करताना टॅबलेटवरचं सगळं पुसायचं, असा कंपनीचा नियम होता. प्रभुलिंग नियमाचा पक्का. त्यानं पुसलं. मग कोऱ्या काचेकडे बराच वेळ बघत राहिला.

शुक्रवारी ती आली आणि जागीच थांबली.

"माझी फुलं?"

"नियम हाय... पुसावं लागतंय."

"एकदा इचारायला काय झालतं? असं कामून केलं?"

ती रागावली होती. पण आज अण्णा म्हणाली नव्हती — त्याच्या ते ध्यानात आलं.

"पुन्हा काढा ना. मी फोटो घेतो."

"फोटोत माप येत न्हाई. गळा साडेआठ इंचाचा हाय."

तरी तिनं पेन उचलला. ओठ घट्ट मिटून पहिल्यापासून सगळी चाळीस फुलं काढली. खाली बारीक अक्षरात नाव लिहिलं. दारात गेल्यावर एकदाच वळून बघितलं... आणि गेली.

टॅबलेट गेला की तिला इथं यायला काय कारण उरणार?

त्या नगातून काही बाहेर पाठवता येत नव्हतं. संध्याकाळी प्रभुलिंगनं शेजारच्या दुकानातून बटर पेपर आणला, काचेवर अंथरला आणि उजेड पूर्ण वाढवला. जोर दिला की खालचं चित्र सरकायचं. म्हणून श्वास धरून, हलक्या हातानं, एकेक फूल पेन्सिलीनं उतरवलं. मग नियमाप्रमाणे सगळं पुसलं.

शनिवारी दहाच्या बसनं टॅबलेट गेला. अकराला ती आली.

"गेला?"

"गेला."

"मग... जाते मी."

"थांबा!" त्यानं काउंटरखालून कागद काढला.

तिनं तो उजेडात धरला. पर्समधून टेप काढून मापला. साडेआठ. मग तिचं बोट फुलाफुलावरून फिरत गेलं.

"चाळीसची चाळीस हायत. रेघ बी बरी हाय." बोट तळाशी थांबलं. "इथं मात्र हात हललाय तुमचा. कामून?"

"तिथं..." त्यानं मान खाली घातली. "तिथं तुमचं नाव होतं."



"पेन्सिल द्या," ती हळूच म्हणाली. "आन् तुमचं नाव सांगा. अण्णा सोडून."

"प्रभुलिंग."

तिनं स्वतःच्या नावाशेजारी ते सावकाश लिहिलं. त्यानं वाकून बघितलं.

"तुमचा बी हललाय."

तिच्या हातात कागद कुरकुरला.